हलकं, फिकट की उजेडाचं? इंग्रजी ‘लाइट’ उलगडताना

बेळगावच्या शहापुरातल्या एका साड्यांच्या दुकानात मी काही वर्षं हिशेब लिहायला होते. इंग्रजीतली ऑर्डर आली की मालक ती माझ्याकडे सरकवायचे, कारण दुकानात बी.ए. झालेली मी एकटीच. एकदा परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आला, आईसाठी ‘लाइट सिल्क सारी’ हवी. मी अबोलीहूनही फिकट रंगाची, भरगच्च जरीच्या पदराची साडी निवडून दिली. पार्सल पोचलं आणि फोन आला. आईंचा खांदा दुखायचा. त्यांना अंगावर पेलवेल अशी साडी हवी होती, रंग कुठला का असेना. माझी साडी रंगाने लाइट होती आणि वजनाने लग्नातल्या शालूला भारी. जाण्या-येण्याचा टपालखर्च दुकानाला पडला, आणि चूक सरळसरळ माझी होती.

आता मी वडगावात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. खाली माग खडखडत असतो आणि वर माडीवर आम्ही. एसएसएलसीची म्हणजे दहावीची पोरं, उद्यमबागेतल्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले दोघे-तिघे, भरतीसाठी पहाटे पळायला जाणारा एक. त्यानेच एकदा विचारलं, “बाई, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीत लाइट कशाला?” मागून कुणीतरी म्हणालं, “रातीचं गस्त घालायला लागत असंल की!” वर्ग हसला. मला मात्र एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘लाइट म्हणजे हलका’ असं पाठ केलेलं असेल तर ते तूर्त बाजूला ठेवा. हा शब्द ज्या शब्दाला चिकटतो त्याच्याकडून अर्थ घेतो. तो अर्थ काढायची किल्ली म्हणजे एकच प्रश्न: इथे ‘लाइट नाही’ म्हणजे काय? त्या प्रश्नापर्यंत पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी: शब्द वाक्यात काय काम करतोय ते पाहा

आपल्या बोलण्यात लाइट बहुतेक वेळा नाम असतं. लाइट गेली, लाइट आली, लाइटचं बिल. यातलं ‘लाइट गेली’ आपण घडवलेलं आहे. इंग्रज माणूस वीज गेली की ‘पॉवर’ गेली म्हणेल. त्याच्याकडे ‘द लाइट’ गेला म्हणजे उजेड मावळला किंवा एखादा दिवा विझला. वीज कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहायची असेल तर ‘नो पॉवर सिन्स मॉर्निंग’ लिहा. ‘नो लाइट’ लिहिलंत तर बल्ब बदलायचा सल्ला मिळायचा.

‘लाइट द लॅम्प’ यात तो क्रियापद आहे, म्हणजे लावणे, पेटवणे. भूतकाळ ‘लिट’. ‘लाइटेड’ही चालतं, विशेषतः नामाच्या आधी: ‘अ लाइटेड कँडल’.

नामाच्या आधी बसून ‘कसा?’ याचं उत्तर देतो तेव्हा तो विशेषण असतो: लाइट बॅग, लाइट ग्रीन, लाइट रेन. ‘द बॅग इज लाइट’ असा शेवटीही येतो. इथून पुढे मुख्यतः याच लाइटबद्दल बोलू, गोंधळ सगळा त्याचाच आहे.

दुसरी पायरी: स्पेलिंग एक, घराणी दोन

हे कळलं की निम्मं काम होतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

उजेडाचा लाइट आणि कमी वजनाचा लाइट हे मुळात दोन वेगळे शब्द. दोन गावांहून आलेले, एका आडनावाचे दोन भाडेकरू म्हणा. जुन्या इंग्रजीतच त्यांचे उच्चार इतके जवळ आले की पुढे स्पेलिंगही एकच झालं. इंग्रजीच्या चुलत बहिणीकडे, जर्मनकडे, ते अजून वेगळे आहेत. उजेड म्हणजे ‘लिश्ट’, हलका म्हणजे ‘लाइश्ट’. इंग्रजीतला मधला ‘जी-एच’ आज मुका आहे, पण एके काळी तो घशातून घासून उच्चारला जायचा. पोरं विचारतात, बोलायचं नाही तर लिहायचं कशाला? आजोबा गेले तरी सातबाऱ्यावर त्यांचं नाव राहतं, तसं ते आहे.

आता खरी गंमत. कमी वजनाच्या लाइटचं लांबचं नातं संस्कृतच्या ‘लघु’शी आहे. आणि आपला ‘हलका’ आला तोही ‘लघुक’ वरून. प्राकृतात घ चा ह झाला आणि मग ल-ह ची जागांची अदलाबदल झाली, जसं कुणी ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतं तसं. म्हणजे हलका आणि लाइट हे फार जुने भाऊबंद निघाले. उजेडाच्या लाइटचं नातं वेगळीकडे, झळकणे या अर्थाच्या ‘रुच्’ धातूशी. जनावरांच्या फुप्फुसांना इंग्रजीत ‘लाइट्स’ म्हणायचे, तेही दिव्यामुळे नाही. खाटकाच्या दुकानात बाकी मांसाच्या मानाने फुप्फुस हलकं भरतं म्हणून.

फिकट रंगाचा लाइट उजेडाच्या घराण्यातला. रंगात उजेड जास्त, काळोख कमी. सौम्य, थोडा, सोपा, पचायला बरा, हे सगळे वजनाच्या घराण्यातले. माझी साडी फसली ती या दोन घराण्यांच्या मधोमध.

आपल्याकडे याला सोपा आधार आहे. सीमेवरच्या माणसाच्या खिशात कन्नड असतंच, आणि कन्नडने हे कप्पे वेगळे ठेवलेत. उजेड म्हणजे ‘बेळकु’. फिकट म्हणजे ‘तिळी’, आकाशी निळ्याला ‘तिळी नीली’. वजनाला हलकं म्हणजे ‘हगुर’. (हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग पाच मिनिटं हसत होता. हसून घ्या, पण लक्षात ठेवा.) इंग्रजी वाक्यात लाइट दिसला की मनात विचारा, इथे कन्नड दुकानदार बेळकु म्हणेल, तिळी म्हणेल की हगुर? हॉटेलच्या पाटीवर कन्नडमध्ये ‘लघु उपाहार’ असतो, मराठीत आपण ‘अल्पोपाहार’ लिहितो. दोन्हींचं इंग्रजी ‘लाइट रिफ्रेशमेंट्स’. त्यांनी वजन मोजलं, आपण प्रमाण.

तिसरी पायरी: उलटा शब्द शोधा

दरवेळी विचारायचं, लाइटच्या जागी याच्या उलट काय आलं असतं? उलटा शब्द सापडला की मराठी शब्द आपोआप जिभेवर येतो.

*उलट ‘हेवी’ आणि वस्तू तराजूत घालता येते.* मग हलका. बॅग, पेटी, साडी, सायकल. ॲल्युमिनियमला ‘लाइट मेटल’ म्हणतात ते शब्दशः खरं आहे. एका घनसेंटीमीटरला ॲल्युमिनियम भरतं २.७ ग्रॅम आणि लोखंड जवळपास ७.९. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यात ज्याने दोन्हींचे तुकडे उचललेत त्याला हे मी शिकवायची गरज नाही.

*उलट ‘डार्क’.* मग फिकट किंवा उजेडाचा. रंग असेल तर फिकट, खोली असेल तर उजेडाची. ‘इट इज स्टिल लाइट’ म्हणजे अजून उजेड आहे. जूनमध्ये आपल्याकडे सातपर्यंत असतो तसा. ‘अ लाइट ब्लू जॅकेट’ मध्ये मात्र अडचण आहे. फिकट निळं जाकीट, की हलकं आणि निळं? लिहिताना लाइट आणि ब्लूच्या मध्ये जोडरेघ दिली की ते फिकट निळंच. वजन सांगायचं असेल तर ‘लाइटवेट’ लिहा. त्या गिऱ्हाइकाने ‘लाइटवेट’ लिहिलं असतं, किंवा मी उलट विचारलं असतं, तर पार्सल एकदाच गेलं असतं.

*उलट ‘स्ट्राँग’.* इथे चहा, वारा, वास. आपल्याकडे ‘लाइट चहा’ म्हटलं की पावडर कमी. न्यूयॉर्कमध्ये ‘लाइट कॉफी’ मागितली तर दूध जास्त घालून देतील, म्हणजे रंगाला लाइट. शब्द तोच, पण एकाने घराणं बदललं. वाऱ्याला हवामानवाले ‘लाइट ब्रीझ’ म्हणतात तो ताशी ६ ते ११ किलोमीटरचा. तोंडाला जाणवतो, पानं सळसळतात, पण वाळत घातलेली साडी दोरीवरून उडत नाही.

*उलट ‘हेवी’ आणि गोष्ट पोटात जाणारी.* मग पचायला हलकं. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर ‘लाइट डाएट’ लिहितात, त्याचा अर्थ आज्जीला इंग्रजी न येता कळतो: पेज, मऊ भात, वरणाचं पाणी. अर्धपोटी राहा असा त्याचा अर्थ नव्हे. बेळगावची मिठाई कुंदा, तो अगदी चमचाभर खाल्ला तरी तो या यादीत बसत नाही.

पाककृतीत मात्र सांभाळा. ‘लाइट ब्राउन होईपर्यंत’ हा रंग आहे, कांदा बदामी व्हायला हवा. ‘लाइटली फ्राय’ म्हणजे जरासं परता, तेल कमी असा अर्थ नाही. ‘गो लाइट ऑन सॉल्ट’ म्हणजे मीठ बेताने. इडलीला ‘लाइट’ म्हटलं तर ती फुगलेली, जाळीदार, हातात घेतल्यावर कापसासारखी.

*उलट ‘डीप’ किंवा ‘हेवी’ आणि विषय झोपेचा.* ‘ही इज अ लाइट स्लीपर’ म्हणजे त्याची झोप सावध आहे. ‘हलका झोपतो’ असं मराठीत कुणी म्हणत नाही.

*उलट ‘सीरियस’.* ‘लाइट रीडिंग’ म्हणजे प्रवासात, दुपारी लोळत वाचायचं. ‘लाइट म्युझिक’ ला हलकं संगीत म्हणालात तर गाणारा उठून जाईल. आकाशवाणीने त्याला ‘सुगम संगीत’ हा शब्द वापरला. इतका नेमका पर्याय क्वचित सापडतो, कारण त्यात कमीपणा नाही, नुसती वाट सोपी आहे. ‘लाइट क्लासिकल’ म्हणजे उपशास्त्रीय, ठुमरी-दादरा. कुमार गंधर्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. त्यांनी गायलेल्या ठुमरीला ‘हलकी’ म्हणून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतेय.

*उलट ‘हार्ड’ किंवा ‘सिव्हिअर’.* लाइट पनिशमेंट म्हणजे सौम्य शिक्षा. ‘लाइट वर्क’ म्हणजे अंगमेहनत कमी असलेलं काम. इथे कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना: ऑपरेशननंतर डॉक्टर ‘लाइट ड्युटी’ लिहून देतात, पण प्रत्येक सुपरवायझरच्या मनात त्याचा वेगळा अर्थ असतो. एकाला वाटतं तास कमी, दुसऱ्याला वाटतं बसून काम, तिसऱ्याला वाटतं साच्यांऐवजी पोती उचलायची. तेव्हा डॉक्टरांनाच विनंती करून स्पष्ट लिहून घ्या, किती किलोपर्यंत उचलायचं, वाकायचं की नाही, किती आठवडे. विशेषणाच्या भरवशावर टाके सोडू नयेत.

*उलट ‘भारी जमीन’.* हे शेतकऱ्याला शिकवायला जाऊ नये. ‘लाइट सॉइल’ म्हणजे आपली हलकी जमीन, वाळूचं प्रमाण जास्त, नांगर सहज चालतो, पाणी थांबत नाही. पूर्वेकडची काळी माती ही ‘हेवी सॉइल’. हा एक अर्थ मराठीत आणि इंग्रजीत तंतोतंत जुळतो. भाताचं मात्र तसं नाही. हळवं भात म्हणजे लवकर तयार होणारं, गरवं म्हणजे उशिरा होणारं. शब्दांत हलकं आणि जडच आहे, पण इंग्रजीत तिथे ‘लाइट राइस’ लिहून चालणार नाही. ‘अर्ली-मॅच्युअरिंग’ लिहा.

आणि आता त्या पोराची पलटण. ‘हेवी’ पायदळ म्हणजे रांगा धरून, एका तुकडीने पुढे सरकणारं. लाइट इन्फंट्री म्हणजे अंगावर ओझं कमी, पुढे पसरून, आडोशा-आडोशाने, भराभर हालणारी तुकडी. युरोपातल्या सैन्यांत अठराव्या शतकात अशा तुकड्या रूढ झाल्या. लांब पांगलेल्या शिपायांना इशारा द्यायला ढोलाऐवजी बिगूल वापरायचे, म्हणून बिगूल हे लाइट इन्फंट्रीचं चिन्ह बनलं. म्हणजे इथे लाइटच्या उलट ‘जड आणि सावकाश’ आहे, ‘बलवान’ नाही. लाइटचा अर्थ चपळ. पुढे पुढे तर हे नाव शौर्याचा मान म्हणून पलटणींना दिलं जाऊ लागलं. आपल्या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ ची, आणि रेजिमेंटचं केंद्र बेळगावात १९२२ पासून. ‘हलके पायदळ’ असं भाषांतर एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी वाचलंय. कॅम्पातून जाताना ते मोठ्याने म्हणू नका.

चौथी पायरी: कागदावरचा लाइट आकड्यात वाचा

बोलण्यातला लाइट अंदाजाने चालतो. सरकारी कागदावर त्याला मोजमाप असतं, आणि ते कधी कधी चक्रावून टाकतं.

हवामान खात्याच्या भाषेत ‘लाइट रेन’ म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस. त्याखाली ‘व्हेरी लाइट’. १५.६ पासून ६४.४ पर्यंत ‘मॉडरेट’, त्यावर ‘हेवी’. खानापूर तालुक्यात, कणकुंबीकडे, १५ मिलिमीटरला कुणी पाऊस म्हणत नाही, भुरभुर म्हणतात आणि इरलं न घेता बाहेर पडतात. पण बातमी इंग्रजीत वाचताना तुमचा अंदाज नको, खात्याचा आकडा धरा.

वाहन परवान्यावरचा ‘एलएमव्ही’ म्हणजे लाइट मोटर व्हेइकल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याची मर्यादा ७,५०० किलो. मालवाहू गाडीचं वजन मालासकट धरतात, मोटारीचं आणि ट्रॅक्टरचं रिकामं. म्हणजे हत्तीपेक्षा जड गाडीही कायद्याने लाइटच. याच परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. टेम्पो चालवणाऱ्या कितीकांची रोजी या एका विशेषणाच्या व्याख्येवर टांगलेली होती.

बाजारातल्या पाकिटावरचा लाइट सगळ्यांत बेभरवशाचा. कधी तो मुद्दाम ‘एल-आय-टी-ई’ असा आखूड स्पेलिंगने येतो, नजरेलाही बारीक वाटावा म्हणून. ‘लाइट ऑलिव्ह ऑइल’ रंगाला आणि चवीला लाइट असतं, एका मोठ्या चमच्यात उष्मांक तेच साधारण १२०. चायनीजच्या गाडीवरचा ‘लाइट सोया सॉस’ रंगाने फिका असतो आणि खारटपणाला बहुधा गडद सॉसपेक्षा जास्त. मिठाच्या पुड्यावर ‘लाइट’ असेल तर सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. तेव्हा पाकिटावर लाइट दिसला की पुढचा प्रश्न, कशाने लाइट? रंगाने, चवीने, चरबीने, मिठाने? उत्तर मागच्या बारीक अक्षरांत असतं, पुढच्या मोठ्या अक्षरांत नाही.

निपाणीचं नाव तंबाखूशी जोडलेलं, म्हणून हेही सांगते. सिगारेटच्या पाकिटावर ‘लाइट’ लिहिलं की ओढणाऱ्याला वाटायचं, अपाय कमी. प्रत्यक्षात माणूस तितकंच निकोटिन मिळवायला झुरका खोल घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात, तो २००३ चा, फसव्या शब्दांची उदाहरणं दिलीत त्यात ‘लाइट’ नावानिशी आहे. युरोपीय संघाने त्याच वर्षी आणि अमेरिकेने २०१० मध्ये पाकिटावरून तो शब्द हटवायला लावला. विशेषणावर बंदी आल्याची उदाहरणं जगात फारशी नसतील.

पाचवी पायरी: मराठी वाक्प्रचार घेऊन इंग्रजीत शिरू नका

‘हलका’ आणि ‘लाइट’ भाऊबंद असले तरी स्वभाव वेगळे. मराठीत हलक्याला एक काळी बाजू आहे. हलका माल, हलक्या प्रतीचं कापड, हलका माणूस. ‘हलकट’ तर शेजारच्याच घरात राहतो. इंग्रजी लाइटला ही बाजू जवळजवळ नाही. ‘लाइट क्वालिटी’ असं काही नसतं, ‘पूअर क्वालिटी’ म्हणा. माणसाला कमी लेखायचंच असेल तर इंग्रजीत नाम वापरतात, ‘अ लाइटवेट’, म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन नाही असा. आपल्याकडच्या वजनदार पुढाऱ्याच्या बरोबर उलट.

सुईण, सोनार, मालिश करणारी मावशी, यांचा ‘हात हलका’ असणं हे आपल्याकडे कौतुक. इंग्रजीत त्यासाठी ‘अ लाइट टच’ आहे. पण हात सोडून बोटांवर गेलात की घात झाला. ‘लाइट-फिंगर्ड’ म्हणजे चोरटा. एका मुलीने ब्यूटी पार्लरमधल्या नोकरीच्या अर्जात आपलं कसब सांगताना हा शब्द लिहिला होता. अर्ज जायच्या आधी माझ्या हातात पडला, नशीब तिचं.

‘हलक्या कानाचा’ साठी ‘गलिबल’. ‘मन हलकं झालं’ साठी ‘आय फील रिलीव्हड’. ‘लाइट-हार्टेड’ म्हणजे मुळातच आनंदी, बेफिकीर, रडून मोकळं झालेल्याला तो शोभत नाही. खिसा हलका होणं मात्र जसंच्या तसं चालतं. ‘आय केम होम फाइव्ह हंड्रेड रुपीज लाइटर’ हे चांगलं, खट्याळ इंग्रजी आहे.

डोक्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण ते दवाखान्यात लागतं. ‘लाइट-हेडेड’ म्हणजे उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, आता भोवळ येईल असं वाटणं. भोवतालचं सगळं गरगर फिरतंय असं वाटत असेल तर ते वेगळं, त्याला ‘व्हर्टिगो’ म्हणतात आणि त्याची कारणंही बहुधा वेगळी असतात. आपण दोन्हीला ‘चक्कर’ म्हणून मोकळे होतो. डॉक्टर इंग्रजीत विचारत असतील तर फरक करून सांगा. इंग्रजांना जिथे लाइट दिसतो तिथे आपल्याला अंधारी येते, याची मला दरवेळी मजा वाटते.

आणखी एक जोडी पोरांना हमखास चकवते. ‘शी मेड लाइट वर्क ऑफ द अकाउंट्स’ म्हणजे तिने हिशेब हातोहात संपवला. ‘शी मेड लाइट ऑफ द अकाउंट्स’ म्हणजे तिने हिशेब चेष्टेवारी नेला. मधला ‘वर्क’ गळला की बढतीची मेमो होते.

सहावी पायरी, छोटीच: रूपं

लाइट, लाइटर, लाइटेस्ट. गॅस पेटवायचा लाइटर नाम आहे, त्याचा तुलनेशी संबंध नाही. ‘लाइटली’ म्हणजे जरासं किंवा सहज. ‘टेक लाइटली’ म्हणजे हलक्यात घेणे, ‘गेट ऑफ लाइटली’ म्हणजे स्वस्तात सुटणे. पण प्रवासाला ‘ट्रॅव्हल लाइट’, तिथे ‘ली’ लावायचा नाही. ‘लाइटन’ म्हणजे हलकं करणे आणि फिकट करणे, दोन्ही घराण्यांनी एकच क्रियापद वाटून घेतलंय. आकाशातली वीज ‘लाइटनिंग’, तिच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ नंतर ‘ई’ नाही. ‘ई’ घातला की रंग फिका करण्याची क्रिया होते, आणि वळवाच्या पावसात आकाशाला ब्लीच लावल्यासारखं वाक्य तयार होतं.

आता स्वतः करून बघा

खालची वाक्यं वर्गात देते तीच. आधी उलटा शब्द ठरवा, मग मराठी.

‘ट्रॅफिक वॉज लाइट नियर गोगटे सर्कल.’ उलट हेवी, पण तराजूतलं नव्हे, गर्दीचं. वाहतूक तुरळक होती.

‘द रिपोर्ट इज लाइट ऑन डिटेल्स.’ उलट भरपूर. अहवालात तपशील फारसा नाही. हे वाक्य जवळपास सगळे ‘तपशिलांवर प्रकाश टाकतो’ असं करतात, म्हणजे अर्थ थेट उलटा.

‘ही हॅज अ लाइट ॲक्सेंट.’ उलट ठळक. त्याच्या बोलण्यात किंचित हेल आहे. इथे माझ्याच इंग्रजीचं उदाहरण पोरं देतात, आणि मला वाटतं ती सभ्यपणाने ‘लाइट’ म्हणतात.

‘वी नीड अ लाइट रूम फॉर द टेलरिंग क्लास.’ उलट डार्क. उजेडाची खोली हवी. सुईत दोरा ओवायचाय.

‘प्लीज सेंड अ लाइट सारी.’ याचं उत्तर लिहू नका. गिऱ्हाइकाला फोन लावा आणि विचारा, वजनाला की रंगाला?